लेबल काढलेले आकडे

परवा निपाणीहून बसने परत येत होते. संकेश्वरचा फाटा जवळ आला आणि रस्त्याकडेला तो फलक दिसला. वर गणपती, खाली साखर कारखान्याच्या चेअरमनांचा हात जोडलेला फोटो, मधोमध ठळक अक्षरांत ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ’. म्हणजे आला हंगाम. अजून ऊसतोड सुरू झालेली नाही, पण ट्रॅक्टर गॅरेजसमोर रांगेनं उभे आहेत, ट्रॉल्यांना रंग लागतो आहे, चौकात झेंडूचे ढीग पडायला सुरुवात झाली आहे. बाकीच्यांना या दिवसांत सणाचा वास येतो. मला ग्रीसचा, वेल्डिंगचा आणि ओल्या राखेचा येतो आणि उगाच थकल्यासारखं होतं.

घरी येऊन लॅपटॉप उघडला, तर कुठल्याशा परदेशी माणसाचा निरोप येऊन पडला होता. मी लिहिलेली लायब्ररी तो वापरतो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. एकानं लिहून ठेवलेला आणि दुसऱ्यांनी आपापल्या कामात उचलून वापरायचा प्रोग्रामचा ऐवज, त्याला आमच्यात लायब्ररी म्हणतात. त्याची तक्रार अशी की, आकड्याचं लेबल, म्हणजे तो ग्रॅम की मीटर ही खूण, काढायची जी वाट मी ठेवली आहे तिचं नाव फार लांबलचक आहे, टाइप करताना बोटं दुखतात, ते आखूड करा. गेल्या तीन वर्षांत ही मागणी करणारा हा कितवा कोण जाणे. मी प्रत्येकाला नम्रपणे नाही म्हणते. नाव मुद्दामच लांब ठेवलंय, हे सांगते. का ठेवलंय, ते मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

आठ वर्षांपूर्वी मी उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. साखर कारखान्यांची यंत्रं बंद हंगामात दुरुस्त करून द्यायची, हा आमचा धंदा. सकाळी आठला माणसं यायची, कुणी खानापूरकडून बसनं, कुणी कडोलीकडून मोटारसायकलवर, डबे खिडकीत ओळीनं लागायचे. अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, शिव्या दोन्हीत. त्या सगळ्यांत मी एकटी बाई आणि एकटी कॉम्प्युटरवाली. काम काय करते, हे तिथं कुणाला नीट कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या कामाला जसा मान मिळतो तसा मला मिळत होता.

आणि होते परशराम आप्पा. हिंडलग्याच्या पुढच्या एका खेड्यातले, घरची भातशेती, तीस वर्षं याच वर्कशॉपमध्ये. पंख्याचा तोल काढण्यात त्यांचा हात धरणारा त्या पट्ट्यात कुणी नव्हता. साखर कारखान्याच्या बॉयलरला धूर ओढून चिमणीत ढकलणारा एक अजस्र पंखा असतो. राखेनं त्याची पाती झिजतात, दरवर्षी त्यावर पत्र्याची ठिगळं मारावी लागतात, आणि ठिगळं मारली की एक बाजू जड होते. फिरायला लागला की पंखा थरथरतो. मग हलक्या बाजूला लोखंडाचा तुकडा वेल्ड करून तोल साधायचा. गाडीच्या चाकाला टायरवाला शिशाची पट्टी ठोकतो, तसलंच काम, फक्त हे चाक दोन पुरुष उंच. आप्पा हे काम खडूनं, कानानं आणि तळहातानं करायचे. तुकडा हातावर घ्यायचा, दोनदा वर-खाली करायचा, आणि सांगायचं. मग काट्यावर घातला की पाच-दहा ग्रॅमचा फरक निघाला तर निघाला.

मालकांना मात्र ते आता कॉम्प्युटरवर हवं होतं. आप्पांनंतर कोण, ही त्यांची काळजी खरी होती. म्हणून मला घेतलं होतं.

गणित अवघड नाही. पंख्याला दोन बाजू, दोन बेअरिंगं. डाव्या बाजूला माहितीतल्या वजनाचा तुकडा तात्पुरता लावून पंखा फिरवायचा, दोन्हीकडची थरथर मोजायची. मग तोच प्रकार उजव्या बाजूला. आलेले आकडे एका चौकोनात मांडायचे, आडव्या ओळी, उभे रकाने. याला मॅट्रिक्स म्हणतात. हा चौकोन गणितानं उलटा केला की तो सांगतो, कुठल्या बाजूला किती वजन लावलं की थरथर जाईल. कॉलेजात हे सगळं मी पाठ केलं होतं. परीक्षेच्या पेपरात त्या आकड्यांना ग्रॅम, मिलिमीटर असलं काही नसायचं. नुसते स्वच्छ आकडे.

अडचण तिथंच होती. माझ्याकडे दोन लायब्रऱ्या होत्या. एक होती मापांची. ती प्रत्येक आकड्याला लेबल लावून ठेवायची, हे ग्रॅम, ही लांबी, हा वेग, आणि ग्रॅममध्ये लांबी मिळवायला गेलं तर प्रोग्राम चालूच करू द्यायची नाही. आमच्या आईसारखी. पिठाचा डबा तांदळाच्या फळीवर ठेवला तर पुढचं काम थांबायचं. दुसरी लायब्ररी मॅट्रिक्सची. ती अतिशय वेगवान, अतिशय हुशार, पण तिची एक अट होती, चौकोनातली सगळी घरं एकाच जातीची पाहिजेत. आता खऱ्या जगातल्या चौकोनात घराघराचं माप वेगळं असतं. आणि चौकोन उलटा केला की मापंही उलटी होतात. ते त्या हुशार बाईच्या गावीच नव्हतं. या दोघींची एकमेकींशी बोलायची सोयच नव्हती.

मग सगळे करतात तेच मी केलं. दाराशी आकड्यांची लेबलं काढायची, उघडे आकडे आत सोडायचे, आतून उत्तर आलं की आठवणीनं पुन्हा लेबल लावायचं. दहा मिनिटांचं काम. त्याच्या वर मी एक ओळही लिहून ठेवली होती, की हे नंतर नीट करायचं आहे. नंतर नीट करायच्या गोष्टींवरच अर्धं जग उभं आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्या वर्षी एका कारखान्याच्या पंख्याचं काम आमच्याकडे होतं. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नव्हता. बॉयलर पेटवायचा मुहूर्त दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. अष्टमीला आम्ही तिथं गेलो, आप्पा, मी आणि वेल्डर. डाव्या बाजूचा तुकडा काट्यावर घातला, लावला, पंखा फिरवला, आकडे घेतले. आमचा काटा म्हणजे सराफाकडे असतो तसला, तळहाताएवढा, बॅटरीवरचा. संध्याकाळी सगळी हत्यारं गाडीत भरून परत आणली, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यार बाहेरगावी राहता कामा नये, पूजेला घरी पाहिजे, हा आप्पांचा कायदा. मालकसुद्धा तो मोडायचे नाहीत.

खंडेनवमी मला आवडायची. वर्षभर काळंकुट्ट असणारं वर्कशॉप त्या दिवशी धुतलेलं असायचं. लेथला ऊस बांधलेला, ड्रिलला झेंडूचा हार, पान्यांवर हळदीकुंकू. माझ्या लॅपटॉपलाही एक टिकली लावली होती. आप्पा धुवट धोतर-टोपीत होते आणि एकेक हत्यार नातवंडासारखं पुसत होते. काट्यापाशी आल्यावर त्यांनी आपले हात बघितले, तेल काही नखांतून जात नव्हतं. तो काटा त्यांनी माझ्याकडे दिला. म्हणाले, ह्याला तुझाच हात बरा, तू पूस. मी ओल्या फडक्यानं पुसला, बटणांवरून नीट अंगठा फिरवून पुसला, मध्ये एकदा त्याचा दिवा लागून विझला, मग कुंकू लावून बाकीच्यांच्या ओळीत ठेवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पंख्यापाशी. उजव्या बाजूचा तुकडा आप्पांनी काट्यावर घातला आणि नव्वद सांगितलं. सांगताना कपाळाला आठी होती. हाताला जास्त लागतंय म्हणाले. मी आकडा टाइप करून मोकळी झाले. वर्कशॉपमध्ये कुणीच मापाचं नाव घेत नाही. नव्वद म्हणजे नव्वद, ते कशाचे हे सगळ्यांना ठाऊकच असतं.

प्रोग्रामनं उत्तर दिलं. उजवीकडे थोडं, डावीकडे दोनशे दहा. आप्पांनी पट्टीतून तुकडा कापला, काट्यावर घासत घासत बरोबर दोनशे दहावर आणला. मग तो उचलून तळहातावर घेतला, आणि तसेच उभे राहिले. दोनदा वर-खाली केला. वेल्डर होल्डर घेऊन तयार होता, कारखान्याचे दोन-तीन लोक घड्याळ बघत होते.

“दोनशे दहा म्हंजी एवढं नसतंय,” आप्पा म्हणाले. “ह्यात सव्वातीनशेचा ऐवज हाय.”

मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. न आठवतं तर बरं झालं असतं.

“आप्पा, काटा तुमच्यासमोर आहे. तुमच्या तळहातावर काय आकडे छापलेत का?”

सगळे हसले. वाईट हेतूनं नाही हसले, दमलेले होते, हसले. आप्पाही थोडं हसले. मग त्यांनी तुकडा वेल्डरच्या हातात दिला आणि पँटला हात पुसले. चाचणीला पंखा फिरवायला वेळ उरला नव्हता, मंडपवाले आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त. भटजी, फेटे, सनई, चेअरमन सपत्नीक पूजेला बसलेले. बॉयलरमध्ये अग्नी दिला, पंखा सुरू झाला, आणि वेग घेता घेता असा थरथरायला लागला की जाळीचा जिना वाजायला लागला. ऑपरेटरनं घाबरून तो बंद केला, ते त्यानं योग्यच केलं. पण पंखा बंद म्हणजे धुराला वर जायची वाट बंद. सगळा धूर भट्टीच्या तोंडातून उलटा बाहेर आला, थेट पाहुण्यांच्या तोंडावर. डोळे चोळत, खोकत, पदर नाकाला लावत सगळा समारंभ पळाला. आज कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

मालक तासाभरात पोहोचले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, वजन कुणी केलं होतं. आप्पा म्हणाले, मी. ते खरंच होतं. आप्पा तळहाताचं काही बोलले नाहीत, कालचं हसणं मध्ये आलं असावं. कारखान्याचा एक इंजिनियर कन्नडमध्ये पुटपुटला की म्हाताऱ्याला आकडा दिसला नसणार. मालकांनी ते ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं. आठवड्याच्या आत आप्पांना बाहेरच्या कामावरून काढून स्टोअरला बसवलं. नट-बोल्ट मोजायला. त्यातही मालकांनी सोबत एक माणूस दिला, पुन्हा मोजायला.

मला ते दुसऱ्याच दिवशी सापडलं. उघडे आकडे पुन्हा पुन्हा बघत होते आणि सहज काटा हातात घेतला. पडद्याच्या कोपऱ्यात, जिथं ग्रॅमचं एक अक्षर असायला हवं तिथं तीन बारीक अक्षरं होती. ते कुठल्याशा परदेशी सराफांचं माप निघालं, त्यातला एक म्हणजे आपले दीड ग्रॅम आणि वर थोडं. अष्टमीचा तुकडा ग्रॅममध्ये, नंतरचे सगळे या मापात. मधे फक्त खंडेनवमी होती, ओलं फडकं होतं आणि माझा अंगठा होता. दोनशे दहाला दीड आणि थोड्यानं गुणलं. उत्तर आलं तीनशे सव्वीस.

मी काय केलं ते आता लिहूनच टाकते. काट्याचं बटण दाबून ग्रॅमवर आणलं, नवीन वजन काढलं, वेल्डरला दिलं. पंखा लोण्यासारखा फिरला. कारखान्यानं मला नारळ आणि शाल दिली. मॅडमनी सावरून घेतलं, असं मालक चारचौघांत म्हणाले, आणि मी खाली मान घालून उभी राहिले. लोकांना तो विनय वाटला.

सांगणार होते. उद्या सांगू, मालक जरा शांत झाले की सांगू, दिवाळी होऊ दे मग सांगू. संक्रांतीला आप्पा कामावर यायचेच बंद झाले. गुडघा दुखतो असा निरोप आला. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, ते माझं पहिलं मोठं काम होतं. हे कारण आहे, सबब नाही, एवढा फरक मला कळतो. वर्षभरात मीही ती नोकरी सोडली.

त्यानंतर मी ती लायब्ररी लिहायला घेतली. नोकरी सांभाळून, रविवारी, पावसाळ्याच्या लांबच लांब दुपारी. कल्पना साधी आहे. चौकोनातल्या प्रत्येक आडव्या ओळीला तिच्या मापाचं लेबल, प्रत्येक उभ्या रकान्याला त्याच्या मापाचं. घराचं माप त्या दोघांवरून आपोआप ठरतं. चौकोन उलटा केला की ओळींची लेबलं रकान्यांना जातात आणि रकान्यांची ओळींना, कुणी आठवण ठेवायची गरज नाही. गंमत म्हणजे, त्या दिवशी एका रकान्यात ग्रॅम आणि दुसऱ्यात ते सराफी माप असतं तरी काही बिघडलं नसतं. गणिताला चालतं. फक्त लेबल अंगावर हवं होतं, आणि ते लावायला काट्याचा कोपरा बघावा लागला असता. तेवढ्यानंच आप्पा वाचले असते. म्हणून लेबल काढायच्या वाटेचं नाव एवढं लांब, की टाइप करतानाच माणसानं थांबून विचार करावा. हे लिहायला मला चार वर्षं लागली. आता जगातली बरीच माणसं ती वापरतात. मला त्यांचे आभाराचे निरोप येतात आणि वाचून कंटाळा येतो.

काल त्या परदेशी माणसाला पुन्हा नाही म्हणून लिहायला बसले आणि हात चालेना. एवढं लांबलचक नाव ठेवून मी जगाला शहाणपण शिकवते आहे, आणि ज्याला सांगायचं तो इथून दहा किलोमीटरवर बसलाय. स्कूटर काढली.

हिंडलग्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळा पडायला लागला होता. आप्पा सोप्यात बसले होते, अंगानं निम्मे झालेले. ओळखायला थोडा वेळ लागला. मग सुनेला चहा टाकायला सांगितला, माझ्या आईची चौकशी केली. अंगणात त्यांचा मुलगा तांदळाची पोती वजन करत होता, काटा छपराला टांगलेला. एका पोत्याकडे बघून आप्पा काहीतरी पुटपुटले. मुलगा वळूनही न बघता म्हणाला, आप्पा, तुम्ही ऱ्हावू द्या. तो रागानं म्हणाला नाही, सवयीनं म्हणाला. ते मला जास्त लागलं.

मी सांगितलं. पूजा, फडकं, बटण, तीन अक्षरं, सगळं. मधे चहा आला तो तसाच राहिला. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा ‘मला म्हाईत हुतं’ म्हणून मोठेपणानं सोडून देतील. वाटेत येताना मी दोन्हीची तयारी केली होती.

“म्हंजी हात बरोबर हुता,” ते म्हणाले.

“हो आप्पा.”

“सगळी हसली तवा मला वाटलं, गेला आपला हात. त्या दिवसापास्नं मी कशाचं वजन हातावर घेतलं न्हाई. घरात बी न्हाई.” मग म्हणाले, “किती हुतं म्हणालीस?”

“तीनशे सव्वीस.”

“आन् मी किती म्हणालतो?”

“सव्वातीनशे.”

ते उजवा तळहात उघडा करून बघत बसले. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. त्यांनी विचारलं, मालकांना सांगितलंस का. मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते, वर्कशॉपच्या जागी आता गोडाऊन आहे. सांगण्यासारखं तिथं कुणीच उरलं नव्हतं. तेही आप्पांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी अंगणाकडे तोंड करून मुलाला हाक मारली, आत सुनेला हाक मारली. दोघं हात पुसत येऊन उभे राहिले. मुलाला थोडं ऐकल्यावरच अंदाज आला, तो म्हणाला, जाऊ द्या की आप्पा, लई वर्सं झाली त्याला.

“तुला इचारलं न्हाई,” आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “पोरी, परत सांग. पहिल्यापास्नं सांग. आन् आकडा सांगशील तवा नुस्ता सांगू नगंस, ग्रॅम म्हण.”

मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि अष्टमीपासून सांगायला सुरुवात केली.